अठ्ठ्याण्णव किलोंखालची दोन बोटं

गजराज घाबरतो, असं कुणी म्हटलं असतं तर वृद्धाश्रमातल्या बत्तीसच्या बत्तीस म्हाताऱ्यांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. गजराज हे नाव त्यांनीच ठेवलेलं. हा माणूस दारात उभा राहिला की खोलीतला उजेड कमी व्हायचा. कपाट सरकवायचंय, तुंबलेलं गटार मोकळं करायचंय, कुणाला खुर्चीसकट उचलून उन्हात ठेवायचंय, की एकच हाक. बाग त्याच्याकडे, हिरवळ त्याच्याकडे, आणि हिवाळ्यात बर्फ पडला की टेकडीवरच्या त्या इमारतीपासून खालच्या हमरस्त्यापर्यंतचा उतार साफ करणंही त्याच्याचकडे. बावीस वर्षं हेच.

तर हा गजराज सकाळी सात वाजता शेडमध्ये, बागेच्या छोट्या ट्रॅक्टरच्या डाव्या चाकापाशी गुडघे टेकून बसला होता आणि त्याच्या हातातली साखळी थरथरत होती. साखळीला थंडी वाजत नाही, एवढं त्याला कळत होतं.

रात्रभर बर्फ पडला होता. उतार एकशे चाळीस पावलांचा, सरळसोट. खाली दगडी खांबांची जोडी, मधे फाटक नाही, आणि खांबांच्या पलीकडे लगेच हमरस्ता, लॉऱ्यांचा. मागच्या हिवाळ्यात असाच बर्फ पडला होता आणि गजराज नेहमीसारखा, पुढे बर्फ ढकलायचं पातं लावून, उघड्या चाकांनी खाली निघाला होता. अर्ध्या वाटेवर बर्फाखाली काचेसारखा गोठलेला थर लागला. त्याने ब्रेक दाबला. चाकं थांबली, ट्रॅक्टर थांबला नाही. खांब मागे गेले, हमरस्ता आडवा गेला, आणि पलीकडच्या बर्फाच्या ढिगाऱ्यात नाक खुपसून ट्रॅक्टर उभा राहिला, तेव्हा त्याच्या पाठीमागून एक लॉरी हॉर्न देत निघून गेली. तो हॉर्न कानात वाजला नव्हता, पोटात वाजला होता.

वर आल्यावर त्याने सगळ्यांना सांगितलं, "जरा घसरला." सगळे हसले. तोही हसला. डोळे मिटून घेतले होते आणि स्टिअरिंग चक्क सोडून दिलं होतं, हे त्याने कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही. पण उन्हाळ्यात त्या उतारावरचं गवत कापायची वेळ आली तेव्हा तो ट्रॅक्टर वरच ठेवून हाताने ढकलायचं यंत्र घेऊन फिरला. कुणी विचारलं तर म्हणायचा, "हाताने कापलं की दाट येतं." गवत दाट आलं नाही, त्याची कंबर मात्र गेली.

पानगळ सुरू झाली तसा तो मॅनेजरबाईंच्या टेबलासमोर उभा राहिला आणि म्हणाला, चाकांना साखळ्या हव्यात. मॅनेजरबाईंची एक सवय होती. त्यांचं कुठलंही वाक्य 'म्हणजे काय' ला धरूनच उठायचं, जिना चढताना माणूस कठड्याला धरतो तसं. "म्हणजे काय, चाकांना साखळ्या? म्हणजे काय, इतकी वर्षं नव्हत्याच ना?" मग त्याच्या तोंडाकडे जरा बघून म्हणाल्या, "म्हणजे काय, मागवा."

साखळ्या आल्या. चाकाच्या मापाच्याच होत्या. अडचण चाकाची नव्हती, चाकाभोवतीच्या जागेची होती. त्या ट्रॅक्टरचं चाक घरात सासू बसावी तसं बसलेलं होतं, कुणाला बाजूने जायला वाव नाही. आतल्या अंगाला सांगाडा, तिथे जेमतेम बोटभर फट. वरून मडगार्ड. आणि मडगार्ड तरी वेगळं कुठलं? डावं मडगार्ड, सीट, उजवं मडगार्ड, सगळं एकाच पत्र्यातून वळवलेलं. साखळी जरा सैल राहिली आणि मडगार्डला अडकली, तर ते चाक जागच्या जागी आवळलं जाणार. सपाटीवर आवळलं तर शिवी देऊन उतरायचं. उतारावर आवळलं तर ट्रॅक्टर आडवा फिरणार, आणि आडव्या ट्रॅक्टरला कुणाचा बाप थांबवू शकत नाही.

म्हणून तो जपून करत होता. ट्रॅक्टर जॅकवर उचलला. चाकातली हवा सोडली, टायर पोट खपाटीला गेल्यासारखा मऊ झाला. साखळी वरून पांघरूण घालावं तशी घातली. आतला आकडा आधी अडकवला, कारण तिथे हात एकदाच जातो आणि येताना साल देऊन येतो. मग बाहेरचा. सुटी राहिलेली शेपटी तारेने बांधली. मग हवा भरली, टायर फुगला आणि त्याने साखळी स्वतःच अंगाला आवळून घेतली. शेवटी त्याने मडगार्ड आणि साखळी यांच्या मधे बोटं घातली.

माप घ्यायचं तर बोटांनी, हे त्याच्या बापाचं. टेप हरवतो, बोटं हरवत नाहीत, असं बाप म्हणायचा. दोन बोटं बसली. उजवीकडेही दोन. दोन बोटं म्हणजे निर्धास्त.

या सगळ्यात एक माणूस कमी होता. अठरा वर्षं त्याचा धाकटा भाऊ हाताखाली होता. हाताखाली म्हणजे म्हणायला. गवत कापायच्या पात्याची उंची ठरवायची असो की नवे टायर चढवायचे असोत, गजराज खाली चिखलात आडवा आणि धाकटा वर सीटवर, चहाचा पेला घेऊन.

"दादा, तू खाली बघ. मी वरून लक्ष ठेवतो."

"वरून लक्ष देव ठेवतो. तू उतर."

"देवाला मदत करतोय."

अठरा वर्षं तो उतरला नाही. वसंतात त्याला दुसऱ्या गावी बरी नोकरी लागली आणि तो गेला. गजराज सगळ्यांना सांगायचा, बरं झालं, सीटला जरा विश्रांती.

साडेसातला त्याने ट्रॅक्टर शेडबाहेर काढला. आवार सपाट होतं. साखळ्या खळखळत निघाल्या, बर्फाला दात लागले, चाक घसरेना. गजराजच्या छातीत जरा जागा झाली. आणि मग त्या खळखळीत त्याला दुसरंच काही ऐकू आलं.

टिक.

थोडं पुढे गेला. टिक. आणखी पुढे. टिक. डावीकडून.

तो उतरला. जॅक लावला, चाक उचललं, हाताने गरगर फिरवलं. काही नाही. बोटं घातली. दोन. वर बसला, निघाला. टिक. उतरला, फिरवलं. काही नाही. तिसऱ्यांदा बसला तेव्हा त्याने श्वास रोखून धरला होता आणि तो आवाज पुन्हा आला, तसाच, डाव्या मांडीच्या खालून.

तो उतरला आणि चाकाकडे बघत उभा राहिला. मी बसलो की आवाज, मी उतरलो की नाही. म्हणजे आवाज चाकात नाहीच. आवाज माझ्यात आहे. मागच्या वर्षी पोटात शिरलेली भीती आता कानात चढली. त्याच्या एका मावसकाकांना असे आवाज यायचे. आधी आवाज यायचे, मग ते आवाजांना उत्तरं द्यायला लागले, मग त्यांना जेवायला बोलावणं बंद झालं. नसलेला आवाज ऐकणारा माणूस असलेला उतार कसा उतरणार?

तेवढ्यात मॅनेजरबाई शाल गुंडाळून पायरीवर आल्या. "म्हणजे काय, अकराला औषधांची गाडी येणार. नऊ जणांचं इन्सुलिन आहे त्यात. म्हणजे काय, उतार होईल ना मोकळा?"

"होईल, बाई."

"म्हणजे काय, तुमचा आवाज असा का येतोय?"

"थंडी आहे."

"म्हणजे काय, आहेच," म्हणत त्या आत गेल्या.

तो पुन्हा सीटवर बसला, कारण आता बसण्याशिवाय काय करायचं? चाकाच्या दोन फेऱ्या पुढे, दोन मागे. टिक. टिक. तळमजल्यावरची एक खिडकी करकरत उघडली आणि घड्याळवाल्या आजोबांचं डोकं बाहेर आलं, कानटोपीसकट.

या आजोबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली होती. बोलताना प्रत्येक वाक्याआधी तोंडाने 'च्च' करायचे, जणू वाक्याला चावी देतायत.

"च्च. गजराज, तुझ्या डाव्या चाकात काहीतरी लागतंय."

गजराजने इंजिन बंद केलं. "तुम्हाला ऐकू आलं?"

"च्च. न यायला काय झालं? फेरीला एकदा."

"आजोबा, खरंच ऐकू आलं? का मी कान टवकारून बसलोय म्हणून म्हणताय?"

"च्च. अरे, तुला बरं वाटावं म्हणून मी खिडकी उघडेन? या थंडीत?" त्यांनी मफलर आवळला. "आणि तू उतरलास की बंद. बघतोय मी मघापासून."

गजराजला इतकं हलकं वाटलं की तो क्षणभर हसला. मग हसू गेलं. आवाज खरा असेल तर साखळी खरीच कुठेतरी लागत होती.

"पण फट आहे हो, आजोबा. दोन बोटं आहे. मी मोजलीये."

"च्च. गिऱ्हाईक घड्याळ आणून द्यायचं. म्हणायचं, मागे पडतंय. मी टेबलावर ठेवायचो, आठ दिवस बरोबर. ते हातावर बांधून घरी जायचं, की पुन्हा मागे. तेव्हा मी काय करायचो?"

"काय?"

"च्च. माझ्या हातावर बांधून फिरायचो. टेबलावरचं घड्याळ टेबलाची वेळ सांगतं, रे." आणि खिडकी बंद झाली.

गजराज सीटवर बसून होता. सीट. एकाच पत्र्यातली सीट. त्याने बुड जरा उचललं आणि पुन्हा टेकवलं. पत्रा 'कुईं' करून खाली गेला. आणि त्याला धाकटा दिसला, पेला घेतलेला, पाय हलवत बसलेला. अठरा वर्षं प्रत्येक माप त्या आळशाला वर बसवून घेतलं गेलं होतं. म्हणून प्रत्येक माप बरोबर आलं होतं. आज पहिल्यांदा सीट रिकामी होती आणि त्याने रिकाम्या सीटखाली बोटं घालून स्वतःला निर्धास्त म्हटलं होतं. धाकट्याला हे कळवायचं नाही, एवढं त्याने लगेच ठरवलं. आधी सीटवर बसायचा, आता डोक्यावर बसेल.

आता कुणालातरी वर बसवायला हवं होतं. नुसतं कुणालातरी नाही. आश्रमात अठ्ठ्याण्णव किलोंचा माणूस एकच होता, आणि त्याला चाकाखाली जायचं होतं.

त्याची बायको आश्रमाच्या धुलाईघरात होती, बाह्या वर करून, वाफेत. शब्द चोरून बोलायची सवय तिला नव्हती.

"अगं, जरा बाहेर येतेस का?"

"चादरी उकळतायत."

"ट्रॅक्टरवर बसायचंय."

"कुणी?"

"तू. पण तू पुरणार नाहीस."

तिने हात पुसले. "बावीस वर्षांनी कळलं का?"

त्याने सगळं सांगितलं. म्हणजे साखळीचं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग मॅनेजरबाईंना बसवा की. पुरून उरतील."

"आणि काय विचारू त्यांना? बाई, तुमचं वजन किती?"

"म्हणजे काय," ती हुबेहूब मॅनेजरबाईंच्या गळ्याने म्हणाली, "नोकरी नकोय का?" आणि मग आपल्या आवाजात, "मी चोपन्न. तुम्हाला हवेत अठ्ठ्याण्णव. राहिले चव्वेचाळीस." धुलाईघराच्या कोपऱ्यात कपडे तोलायचा काटा होता. तिने न पिळलेल्या चादरी उपसल्या, मेणकापडाच्या पिशव्यांत भरल्या आणि काट्यावर टाकल्या. बावीस आणि बावीस. एक चादर जास्त झाली, ती तिने काढून घेतली.

पाच मिनिटांनी ती सीटवर होती, एक पिशवी मांडीवर, दुसरी पाठीशी बांधलेली. गजराज डाव्या चाकाखाली आडवा झाला. वर बघितलं. मडगार्ड खाली उतरलं होतं. डावीकडे पत्र्याला तोलून धरणारा लोखंडी कोन गंजून मऊ झाला होता, म्हणून डावीकडे जास्त. त्याने बोट घालून पाहिलं. एकही बोट जाईना. पत्र्याच्या आतल्या बाजूला ताजा, चकचकीत ओरखडा होता, आणि साखळीची एक कडी त्या ओरखड्याच्या इतकी जवळ होती की मधे एखादा कागद गेला असता. याच्यावर बसून तो निघाला होता. उतारावर एक धक्का, आणि ती कडी पत्र्यात शिरली असती.

त्याला खालून बाहेर यायला हवं होतं, पण हातपाय हलेनात.

"काय झालं?" वरून आवाज.

"काही नाही."

"काही नाही, तर श्वास का असा घेताय? भाता चालवल्यासारखा?"

पिशवीतून गळणारं पाणी सीटच्या भोकातून त्याच्या कपाळावर पडत होतं. त्याला तिचं तोंड दिसत नव्हतं, तिला त्याचं दिसत नव्हतं. म्हणूनच असेल, तो म्हणाला, "मागच्या वर्षी नुसता जरा घसरला नव्हता."

वर हालचाल थांबली.

"रस्ता ओलांडून गेलो. मी ब्रेक सोडला, स्टिअरिंग सोडलं. डोळे मिटले. मी काही केलंच नाही, अगं. नुसता बसून राहिलो."



"रस्त्यावर कुणी होतं?"

"लॉरी. मागून गेली."

"किती मागून?"

त्याने कपाळावरचं पाणी पुसलं. तिने एवढं विचारलं आणि पुढे विचारलं नाही. मग तिचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा वरच्या पट्टीतला, "मांडी गारठली माझी. काय करायचंय ते बोला."

"पत्रा वर उचलायला हवा. चार बोल्ट आहेत, त्यांच्याखाली काहीतरी जाड घालायला हवं. लाकूड दबेल. आणि बोल्ट लांब लागतील."

"जुन्या धुलाई मशीनचे पाय," ती म्हणाली. "भंगारात पडलंय ते. रबराचे आहेत, मधून भोक, बोल्टसकट. चार टन चादरी घुसळल्या त्यांच्यावर, तुम्ही काय आहात?"

पाय निघाले, बोल्ट निघाले, एकावर तेल ओतून हातोडा घालावा लागला. रबराचे चार पाय पत्र्याखाली बसले. डाव्या कोनाला त्याने लोखंडी पट्टी जोडली. सव्वादहा वाजले. ती चादरी घेऊन पुन्हा वर बसली, तो पुन्हा खाली गेला. दोन बोटं. उजवीकडे दोन बोटं आणि वर थोडं. तो तिसऱ्यांदा मोजायला लागला तेव्हा ती म्हणाली, "बोटं तीच आहेत. आता उठा."

मग ती आत गेली आणि एक लाल ब्लँकेट घेऊन आली.

"हे कशाला?"

"खाली खांबापाशी उभी राहते. लॉऱ्यांना दाखवायला."

"नको. तू खाली नको. मी घसरलो तर तू मधेच..."

"मग कोण उभं राहील, घड्याळवाले आजोबा?" ती कडेच्या बर्फातून, झाडांना धरत धरत निघालीसुद्धा. "मी कडेला उभी राहीन. तुम्ही मधून या. सोपं आहे."

सोपं काहीच नव्हतं. उताराच्या डोक्यावर येऊन त्याने खाली बघितलं. एकशे चाळीस पावलांवर एक लाल ठिपका होता आणि त्याच्या मागून लॉऱ्या जात होत्या, एक, मग जरा वेळाने दुसरी. त्याने सगळ्यात खालचा गिअर टाकला. पातं टेकवलं. निघाला.

साखळ्या बर्फ चावत होत्या. तो कान देऊन होता. खळखळ, खळखळ. टिक नाही. वीस पावलं. तीस. टिक नाही. न येणारा आवाजही माणसाला इतका घाबरवू शकतो, हे त्याला नव्याने कळत होतं. साठ. सत्तर पावलांवर ती जागा आली. बर्फाखालून तो काचेचा थर त्याला बुडाखाली जाणवला, तसाच, आणि चाकं सुटली. अर्धी फेरी सुटली. ट्रॅक्टरचं नाक डावीकडे वळलं.

खाली हॉर्न वाजला.

पोटातला हॉर्न आणि रस्त्यावरचा हॉर्न एकमेकांवर आदळले. त्याची बोटं स्टिअरिंगवरून सैल व्हायला लागली, आपण होऊन, मागच्या वर्षीच्या सवयीने. पापण्या खाली येऊ लागल्या. त्या फटीतून त्याला लाल ब्लँकेट दिसलं. ते कडेला नव्हतं. ते रस्त्यात होतं, दोन्ही हातांनी पसरलेलं, आणि त्याच्या पुढे एक भलीमोठी लॉरी ब्रेकवर कण्हत होती.

त्याने डोळे उघडे ठेवले. एवढंच त्याला जमलं. हातांनी स्टिअरिंग धरलं, पायाने ब्रेक नुसता टेकवला, दाबला नाही. करकच. साखळीने काचेत दात रोवले. नाक सरळ झालं. उरलेली पावलं त्याने मोजली नाहीत. दोन खांबांच्या मधोमध पात्याचं टोक आलं आणि ट्रॅक्टर थांबला.

लॉरीवाल्याने काच खाली केली. "काय मावशी, लाल कशाला? पूल पडला का?"

"आमचे हे येतायत."

लॉरीवाल्याने गजराजकडे पाहिलं, ट्रॅक्टरकडे पाहिलं. "एवढेच?"

"अठ्ठ्याण्णव किलो आहेत," ती म्हणाली. "जा तुम्ही आता."

लॉरी गेली. ती ट्रॅक्टरपाशी आली. ब्लँकेट तिने काखोटीला मारलं होतं आणि तिचे ओठ निळे पडले होते, थंडीने की कशाने, ते तिने सांगितलं नाही.

"कडेला उभी राहणार होतीस," तो म्हणाला.

"होते. मग तुम्ही वाकडे झालात." तिने चाकाकडे बोट केलं. "पहिल्या खेपेनंतर साखळी पुन्हा बघायची ना? उतरू नका. बसलेल्या माणसाखाली बघायचं. हात द्या."

त्याला हात देता येईना. बोटं स्टिअरिंगला धरून बसली होती. तिने ती एकेक करून सोडवली, गाठ सोडवावी तशी, आधी करंगळी. मग त्याची दोन बोटं धरून तो हात खाली ओढला आणि मडगार्डखाली सारला. फट गार होती. बोटं आत गेली.

"बसतात," तो म्हणाला.

"मग चला वर. डावी बाजू राहिलीये, गाडी यायला वीस मिनिटं आहेत." तिने ब्लँकेट झटकलं आणि पुन्हा खांबापाशी जाऊन उभी राहिली, या खेपेला आधीच रस्त्यात.